कोठीत जागा किती?

गेल्या वर्षीची गोष्ट. आषाढ सरत आला होता. माउलींची पालखी पंढरपूरहून परत आली होती, गावातली गर्दी ओसरली होती आणि इंद्रायणीकाठचे रस्ते पुन्हा आम्हा आळंदीकरांच्या वाट्याला आले होते. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. अशा एका दुपारी मी शेजारच्या आजींच्या घरी मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात माझा जुना लॅपटॉप, त्याला जोडलेला बोटाएवढा मायक्रोफोन, आणि समोर जात्याच्या खुंट्यावर नुसताच हात ठेवून बसलेल्या आजी. दळण नव्हते, पण खुंटा हाताला लागल्यावाचून ओवी ओठांवर येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आजींचे वय ऐंशीच्या पुढे. माहेर भामा नदीच्या खोऱ्यातले, सासर चाकणच्या बाजूचे. लेकाने आळंदीत घर बांधले तेव्हा त्या इकडे आल्या आणि येताना जाते घेऊन आल्या. मराठी शिकवणाऱ्या माणसाला असा शेजार लाभणे म्हणजे मोठेच भाग्य. वर्षभर सवड मिळेल तशी मी त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत होतो. बावीस तासांचे मुद्रण जमले होते.

जात्यावरच्या ओव्यांचे मोल आपल्याकडे जाणत्यांनी पूर्वीच ओळखले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी 1980 नंतरच्या दशकांत गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या पुढे संगणकावर नोंदल्या गेल्या. त्या सागरापुढे माझे बावीस तास म्हणजे ओंजळभर पाणी. पण ओंजळ माझ्या शेजारची होती.

त्या दुपारी आजी म्हणाल्या, “मास्तर, आज एक निराळं सांगते. आमची जमीन कारखान्याला गेली, त्या साली मीच जुळवलंय. कुणाला म्हणून ऐकवलं न्हाई.”

आणि त्या गाऊ लागल्या. एकामागून एक अकरा ओव्या झाल्या. बांधावरचे बोराचे झाड, शेवटची बाजरी, मोजणीदाराची साखळी, रात्री शेतात लागलेले पहिले दिवे. एकेक चित्र येत होते आणि जात होते. मी ऐकत होतो. माझी वही पिशवीतच होती. यंत्र लिहून घेते आहे म्हटल्यावर माणसाने कशाला लिहावे?

घरी आलो, चहा घेतला आणि मुद्रण ऐकावे म्हणून लॅपटॉप उघडला. फाइलीचे नाव होते, तारीख होती, वेळ होती. लांबी मात्र शून्य. आकारही शून्य. अकरा ओव्यांच्या जागी एक रिकामे पाकीट होते.

अशा वेळी माणूस प्रथम काय करतो? यंत्राला शिव्या देतो. मीही दिल्या. गेले दोन-तीन महिने ते लॅपटॉप बैलगाडीच्या चालीने चालत होते. एक पान उघडायचे तर चहाचा कप संपायचा. तेव्हा माझा निकाल ठरला: यंत्र म्हातारे झाले, आता नवे घ्यायचे. दिवाळीच्या खर्चात चाळीस-पन्नास हजारांची भर घालण्याचा बेत मी जेवताना बोलून दाखवला.

आमच्या सौभाग्यवतींनी वाढता वाढता विचारले, “डब्यात साखर मावत नाही म्हणून कुणी नवं घर बांधतं का? आधी झाकण उघडून पाहा तरी.”

झाकण उघडण्याचे काम माझ्या भाचीकडे आले. ही धाकट्या बहिणीची मुलगी. आळंदीला इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी आली आणि आमच्याकडेच राहते. पूर्वी आळंदीत शिकायला यायचे ते कीर्तन आणि मृदंग शिकायला. जोग महाराजांची वारकरी शिक्षण संस्था 1917 सालापासून इथे आहे. आता त्याच गावात माळा घातलेली पोरे आणि पाठीवर लॅपटॉप लावलेली पोरे एकाच टपरीवर चहा पितात. जुन्या लॅपटॉपात लिनक्स घालून देणारीही हीच.

मला वाटले, ती स्क्रू काढून यंत्र खोलील. तसे काही तिने केले नाही. एक काळी खिडकी उघडली आणि दहा मिनिटांत तीत दहा-बारा ओळी लिहिल्या.

“हे काय?” मी विचारले.

“स्क्रिप्ट, मामा. म्हणजे चिठ्ठी. एकेक प्रश्न पुन्हा पुन्हा टंकण्यापेक्षा सगळे एकदाच लिहून ठेवायचे. चिठ्ठी दिली की यंत्र वाचतं आणि ओळीने उत्तरं देतं.”

त्या चिठ्ठीचे मराठी रूप वाचकांसाठी देतो. यंत्राच्या भाषेत ती अशीच लहान असते:

आजची तारीख आणि वेळ लिही.
किती वेळ जागा आहेस आणि कामांची रांग किती लांब आहे, ते सांग.
प्रोसेसर किती वेळ रिकामा बसतो, ते सांग.
मेमरी एकूण किती, मोकळी किती आणि मिळण्याजोगी किती, ते सांग.
डिस्कचा प्रत्येक भाग किती भरला आहे, ते शेकडेवारीने सांग.
सर्वांत जड अशा दहा फोल्डरांची नावे वजनासह, उतरत्या क्रमाने दे.
सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्या पाच प्रोग्रामांची नावे दे.
डिस्क शेकडा नव्वदच्या वर गेली असेल तर शेवटी लिही: मामा, जागा करा.

या चिठ्ठीत एकही ओळ काही पुसणारी, हलवणारी किंवा दुरुस्त करणारी नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात आले. ती फक्त पाहते. कशाला हात लावत नाही. वैद्यही आधी नाडी पाहतो, औषध मागाहून देतो.

आता या प्रश्नांची उत्तरे समजायची तर यंत्राचा संसार थोडा माहीत हवा, आणि तो आपल्या स्वयंपाकघराहून फारसा निराळा नाही. डिस्क म्हणजे कोठी. जे साठवून ठेवायचे ते तिच्यात. वीज गेली तरी ते राहते. मेमरी म्हणजे ओटा. चालू कामाला लागणारे जिन्नस तेवढे कोठीतून काढून ओट्यावर मांडायचे. वीज गेली की ओटा साफ. आणि प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. हात चपळ असले तरी ओट्यावर जागा नसेल किंवा कोठीतून डाळ यायला वेळ लागत असेल, तर पंगत खोळंबायचीच. यंत्र मंद झाले, एवढे म्हणून भागत नाही. हात थकले, ओटा भरला की कोठी तुंबली, हे वेगवेगळे विचारावे लागते. चिठ्ठी नेमके तेच विचारते.

उत्तरे आली. पडद्यावर आकड्यांचे पान उभे राहिले.

रांगेच्या ओळीत तीन आकडे होते, तिन्ही पाच-सहाच्या घरातले. हा आकडा काय सांगतो? कार्तिकीच्या दिवसांत प्रसादाच्या दोन खिडक्या उघडल्या आहेत असे समजा. खिडकीशी उभे आहेत ते आणि मागे ताटकळत आहेत ते, सगळे मिळून सरासरी किती, तो हा आकडा. पहिला गेल्या मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. त्यामुळे रांग वाढते आहे की ओसरते आहे, तेही कळते. माझ्या लॅपटॉपात प्रोसेसरचे गाभे दोन, म्हणजे खिडक्या दोन. दोनपर्यंतचा आकडा ठीक. सहा म्हणजे चार जण सतत तिष्ठत. अशी सरासरी काढण्याची रीत जुनी आहे. 1973 साली अमेरिकेत टेनेक्स नावाच्या यंत्रणेवर हे आकडे नोंदले जात होते.

“म्हणजे हात थकलेत!” मी निकाल दिला.

“पुढची ओळ वाचा, मामा.”

पुढच्या ओळीप्रमाणे प्रोसेसर बराच वेळ रिकामाच बसला होता. रांग लांब आणि खिडकीवरचा माणूस रिकामा, हे कसे? त्याचे इंगित असे की, पावती फाडून झालेली पण कोठीतून लाडू यायचे म्हणून बाजूला उभी असलेली माणसेही लिनक्स रांगेत धरते. 1993 सालापासून त्याची मोजणी अशी आहे. म्हणजे काम अडत होते ते हातांपाशी नव्हे, तर कोठीच्या दाराशी.

ते का अडत होते, हे मेमरीच्या ओळीने सांगितले. ओटा 4 जीबीचा. तो काठोकाठ भरला होता आणि सर्वांत जास्त जागा खाणाऱ्यांत पहिला मान होता ब्राउझरचा, कारण मी चाळीस पाने एकाच वेळी उघडून ठेवली होती. “मागाहून वाचू” म्हणून. ओट्यावर जागा उरली नाही की यंत्र थोडी भांडी उचलून कोठीत ठेवते आणि लागली की परत आणते. याला स्वॅप म्हणतात. कोठीची वाट ओट्याच्या मानाने फार लांबची, त्यामुळे सगळा दिवस भांडी ने-आण करण्यात जायचा. लॅपटॉप म्हातारा झाला नव्हता. मी त्याला हमालीला लावला होता.

आणि मग आली डिस्कची ओळ. शेकडा शंभर.

डिस्कवर छाप होता 120 जीबीचा, पण यंत्राच्या हिशेबी ती सुमारे 110. यात फसवणूक नाही. मापे दोन आहेत. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, आणि माझे यंत्र 1024च्या. त्या 110पैकी लिनक्स आणि प्रोग्राम 22, कॉलेजच्या कामाची आणि जुन्या पोथ्यांची छायाचित्रे 20, पुसून टाकले असे मी समजत होतो पण कचऱ्याच्या टोपलीत तसेच पडून होते ते 16. उरलेले 52 कशाचे?

वजनाच्या यादीत अगदी वर चार फोल्डर होते, प्रत्येकी 13 जीबीचे. नावे वाचली आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. “आजी ओव्या”, “आजी ओव्या प्रत”, “आजी ओव्या प्रत दोन”, “आजी ओव्या शेवटची प्रत”.

वाचकहो, चोर घरातच होता. ओव्या हरवतील या धास्तीने मीच त्यांच्या प्रतींवर प्रती केल्या होत्या, आणि त्याही सगळ्या त्याच डिस्कवर! घर जळू नये म्हणून दागिन्यांचे चार डबे करून ते एकाच कपाटात ठेवावेत, तसा प्रकार. त्या प्रतींनी कोठी भरली, आणि ज्या अकरा ओव्या आजवर कुणी ऐकल्या नव्हत्या त्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. जुन्या ओव्या जपण्याच्या हव्यासाने नव्या ओव्यांचा घास घेतला.

ध्वनी एवढी जागा खातो याची कल्पना मला नव्हती. माझ्या मुद्रणात दर सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची नोंद होते, प्रत्येक नोंदीला 2 बाइट, आणि डावा-उजवा असे 2 प्रवाह. गुणाकार करा: सेकंदाला 1,76,400 बाइट, मिनिटाला कोटीच्या वर. याउलट अक्षरे पाहा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. देवनागरीतील एकेका चिन्हाला संगणकात बहुधा 3 बाइट लागतात. एका ओवीला ढोबळ मानाने 200 धरले तर अवघी ज्ञानेश्वरी अठरा लाख बाइटांत बसते. म्हणजे शके 1212 साली, इसवी सन 1290 मध्ये, सिद्ध झालेला तो संपूर्ण ग्रंथ माझ्या मुद्रणातल्या दहा-अकरा सेकंदांएवढीच जागा घेतो! आजींनी एकदा खोकून गळा साफ केला, की एक ज्ञानेश्वरी भरली. हे गणित आधी केले असते, तर कोठी किती दिवसांत भरेल हे कळायला इंजिनिअर लागला नसता.

जागेचा असा हिशेब ठेवण्याची सवय संगणकाच्या पहिल्या पिढीला जन्मापासूनच होती, कारण जागाच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी घडवलेला टिफ्रॅक हा संगणक 1960 साली कामाला लागला; 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याची मेमरी 2,048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटांचा. म्हणजे सारी मिळून 10,240 बाइट. वरच्या हिशेबाने ज्ञानेश्वरीच्या पन्नासेक ओव्या ठेवल्या की ओटा भरला. माझ्या 4 जीबीच्या लॅपटॉपात त्याच्या चार लाख पट जागा आहे, आणि तरी तो मी भरून दाखवला. टिफ्रॅकवर काम करणारे शब्दाशब्दाचा हिशेब ठेवीत असतील. आम्ही मात्र चाळीस पाने उघडून झोपी जातो.

डिस्क किती भरली हे सांगणारी “डीएफ” आणि कोणते फोल्डर किती जड हे सांगणारी “डीयू” या माझ्या चिठ्ठीतल्या दोन्ही आज्ञाही तशाच काटकसरीच्या काळातल्या. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स घडवले, आणि 1971च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच या दोन्ही आज्ञा होत्या. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्स सुरू केले, त्यातही त्या आल्या आणि पन्नासहून अधिक वर्षांनी आळंदीत माझ्या चुलत्याच्या जुन्या टेबलावर कामी पडल्या. आमच्या शेजारी पुण्यात 1988 साली सी-डॅक स्थापन झाली, 1991 साली तिथे परम 8000 महासंगणक उभा राहिला. 2024 साली पुण्याच्या हवामान संस्थेत “अर्क” आला. यंत्र केवढेही मोठे असो, प्रश्न तेच राहतात: हात किती रिकामे, ओटा किती मोकळा, कोठीत जागा किती.

आणखी एक आश्चर्य भाचीने दाखवले. लिनक्समध्ये “प्रॉक” नावाचे एक दालन आहे. तिथे मेमरीच्या, रांगेच्या नोंदींच्या फाइली दिसतात. पण त्या फाइली डिस्कवर कुठे ठेवलेल्याच नसतात. तुम्ही उघडायला गेलात की त्याच क्षणी यंत्र ताजा हिशेब मांडून पुढे करते. मागाल तेव्हा खरे सांगणार. न मागाल तर अवाक्षर बोलणार नाही. माझ्या लॅपटॉपाने माझ्याशी कधीच खोटेपणा केला नव्हता. मीच कधी विचारले नव्हते.

मात्र आकडे विचारले म्हणजे शहाणपण आले, असे नाही. आठवड्याने मी स्वतःच चिठ्ठी चालवली आणि छातीत धस्स झाले. ब्राउझर बंद, स्वॅप रिकामे, आणि तरी मोकळी मेमरी जेमतेम 200 एमबी! नवी मेमरी विकत घ्यायला निघालेल्या मला भाचीने दारातच अडवले.

“मामा, घाबरू नका. ‘मोकळी’ हा रकाना नका पाहू, ‘मिळण्याजोगी’ पाहा.”

तिथे अडीच जीबी होते. कारण ऐका. ओट्याचा कोपरा रिकामा दिसला की हुशार सुगरण तिथे हळद, मीठ, मोहरीचे डबे काढून ठेवते. पुन्हा कोठीपर्यंत जायला नको. पाहुणे आले, परात मांडायची झाली, की डबे क्षणात बाजूला सारते. यंत्रही तसेच करते. नुकत्याच वाचलेल्या फाइली ते मेमरीत हाताशी ठेवते. जागा लागली की सोडून देते. वरवर पाहणाऱ्याला ओटा भरलेला दिसतो, पण खरी अडचण नसते. या गैरसमजाने इतके लोक गोंधळले, की 2014 साली लिनक्सच्या हिशेबात “मिळण्याजोगी” हा आकडा मुद्दाम घातला गेला. आकडा खरा असूनही आपण त्याचा अर्थ खोटा लावू शकतो. परीक्षेचे गुण वाचणाऱ्या पालकांनीही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर मग उपाय काय केला? पैसे फार लागले नाहीत. एक बाहेरची डिस्क आणली, ओव्यांची एक प्रत तिच्यात ठेवली. ती सासुरवाडीला पुण्यात असते. दुसरी एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात दिली. जाणते लोक सांगतात तेच: प्रती तीन असाव्यात, त्या एकाच जातीच्या साधनावर नसाव्यात आणि निदान एक तरी घराबाहेर असावी. लॅपटॉपातल्या जास्तीच्या तीन प्रती, पुन्हा पुन्हा खात्री करून, पुसल्या. कचऱ्याची टोपली रिकामी केली. 55 जीबी सुटले, निम्मी कोठी मोकळी. ब्राउझरची पाने पाचावर आणली. नवा लॅपटॉप घेतला नाही. त्या पैशांतून घराला रंग निघाला.

आणि चिठ्ठी? ती रोज पहाटे पाच वाजता, देवळात काकडा चालू असतो त्या सुमारास, आपोआप चालते. यासाठी “क्रॉन” म्हणून एक पहारेकरी आहे. ग्रीक भाषेतील काळ या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले असे म्हणतात. रोजच्या उत्तरांची एक वही तयार होते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याची वही अधिक बोलते: कोठी आठवड्याला किती भरते, दिवाळीपर्यंत पुरेल की नाही, सगळे दिसते. फक्त एक पथ्य: लॅपटॉप त्या वेळी जागा हवा. मी रात्री तो मिटून ठेवीत होतो, तेव्हा तीन दिवस वही कोरी राहिली. पहारेकऱ्यालाच झोपवले तर तो काय पाहणार?

ज्या घरी विंडोज आहे त्यांनीही हिरमुसू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. हात, ओटा आणि कोठी या तिघांची धावपळ तिथे दिसते. चिठ्ठी लिहायचीच तर तिथे पॉवरशेल आहे. मोबाइलच्या सेटिंगमध्ये स्टोरेज म्हणून पान असते; नातवंडांचे व्हिडिओ आणि सुप्रभातची फुले यांनी किती जागा व्यापली, ते पाहून आजी-आजोबांना मौज वाटेल. मात्र कुणा अनोळखी माणसाने दिलेली चिठ्ठी अर्थ कळल्यावाचून यंत्राच्या हाती देऊ नये. पाहणारी ओळ आणि पुसणारी ओळ दिसायला सारख्याच लहान असतात.

आता राहिल्या त्या अकरा ओव्या.

डिस्क मोकळी झाल्यावर चार दिवसांनी मी पुन्हा आजींकडे गेलो. झाले ते सांगितले. माझी चूक होती, हेही सांगितले. आजी हसल्या. खुंट्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि गाऊ लागल्या. बोराचे झाड आले. शेवटची बाजरी आली. मोजणीदार आला. चार ओव्या झाल्या आणि त्या थांबल्या. मी वाट पाहिली. जात्यावरचा हात दोन-तीनदा पुढे-मागे झाला.

“बाकीच्या, आजी?”

“त्या त्या दिशी आल्या व्हत्या, मास्तर. आता न्हाई येत.”

त्यानंतर अनेकदा विचारून पाहिले. आणखी एक मिळाली. ती तीच की नवी, हे त्यांनाही सांगता येईना. सहा गेल्या. रात्री शेतात लागलेले पहिले दिवे एवढे मला आठवतात. शब्द आठवत नाहीत. मराठीच्या मास्तराने ओवी समोरासमोर ऐकावी आणि तिचे शब्द त्याच्यापाशी नसावेत, याची टोचणी कोणत्याही चिठ्ठीने जाणारी नाही.

म्हणून सांगावेसे वाटते. आपल्या साऱ्यांच्या घरी आता अशा कोठ्या आहेत. मुलांचे पहिले बोल, आईच्या हातच्या लोणच्याची कृती सांगणारा तिचा आवाज, वडिलांचे शेवटचे पत्र, लग्नाची छायाचित्रे. सगळे आपण यंत्राच्या हवाली करून निर्धास्त होतो. धान्याच्या डब्यात हात घालून पाहणारी गृहिणी या एका कोठीकडे मात्र डोकावत नाही. डोकावायला दहा ओळी पुरतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे कार्तिकी वारीची लगबग सुरू झालेली असेल. धर्मशाळांतून खोल्या झाडल्या जातील, कुठे किती माणसे मावतील याचे हिशेब होतील. वारकरी दारात येण्यापूर्वी जागा पाहून ठेवायची, ही आळंदीची जुनी रीत.

आज पहाटेच्या वहीत कोठी शेकडा 61 भरली आहे. दुपारी आजींकडे जायचे आहे. काल त्या म्हणाल्या, काहीतरी आठवतंय. जागा आहे ती खात्री करून घेतली. आणि या खेपेला पिशवीतली वही बाहेर काढून, पेन्सिलीला टोक करून, लॅपटॉपच्या शेजारी ठेवली आहे.